लिंबाच्या झाडाबाबत ताईस शेवटचं उत्तर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, गुडघे वाकू देतील तितका वाकून नमस्कार. तुझं पत्र पोचलं. (पोस्टमनने ते काउंटरवर ठेवलं आणि पटकन दोन पावलं मागे सरकला, आतला मजकूर त्याला बाहेरूनच जाणवला असावा.) फोन उचलायचा नाही आणि पत्रातून फैलावर घ्यायचं, ही तुझी जुनी रीत. तुझी कंबर आता बरी आहे आणि भाऊजींचा खोकला थांबला, हे वाचून आनंद झाला. मी पाठवलेलं लिंबाचं रोप तुला आवडलं, ते तू स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंस, फक्त वाटेत कुठल्यातरी पक्ष्याने पानांवर घाण केलीय आणि सवड झाली की ओल्या फडक्याने पुसणार आहेस, असं लिहिलंस. सवडीनेच पूस, घाई अजिबात करू नकोस. रोपाबद्दल शेवटी लिहितो. आधी मोठ्या झाडाबद्दल.

तुझा हुकूम असा, की दुकानामागच्या अंगणातलं लिंबाचं झाड मी मुकाट्याने तोडू द्यावं, तिथे फरशी घालू द्यावी आणि तुझ्या चिरंजीवाच्या नव्या गाडीला जागा करून द्यावी. वर हे फुलपाखरांचं खूळही सोडावं, कारण माझ्यापायी तुला चारचौघांत मान खाली घालावी लागते. ताई, आईच्या माघारी तू मला वाढवलंस, माझं शेंबडं नाक पुसलंस, आणि मी आजवर तुझा शब्द खाली पडू दिला नाही. हा पडू देतोय. अंगण दोघांच्या नावावर आहे, माझी संमती लागते, आणि ती मिळणार नाही.

तू ज्याला खूळ म्हणतेस ते काय आहे, हे तरी ऐकून घे. आमचा स्वयंसेवकांचा गट आहे. दर रविवारी आपापल्या ठरलेल्या जागेत हिंडायचं, कुठलं फुलपाखरू, कुठला पतंग (दिव्यावर झेपावतो तो, दोऱ्याने उडवतात तो नव्हे), कुठली अळी कशावर दिसली ते टिपायचं, आणि फोटो गटप्रमुख बाईंकडे धाडायचे. बाई पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. अजूनही आम्ही पन्नाशी-साठीची मंडळी हात वर केल्याशिवाय त्यांच्यासमोर बोलत नाही. आपल्या भागात कोण टिकून आहे आणि कोण दिसेनासं झालं, हे अशाच नोंदींवरून कळतं. पगार नाही, मान नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने घरून आणायचा. ज्यात कुणाचंच नुकसान नाही अशा कामाची तुला लाज का वाटावी, हे मला अजून समजलेलं नाही.

तुझ्या कानावर आलेली पहिली गोष्ट खरी आहे, मी ती नाकारत नाही. लिंबावर अंडी घालणारं एक काळंपिवळं फुलपाखरू असतं. त्याची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: काळपट, ओलसर, मध्ये पांढरा डाग. खायला येणाऱ्याला किळस यावी म्हणून. हे मला बाईंनी शिकवलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. अशी एक अळी पानावर दिसताच मी तिच्यावर ऊन लागू नये म्हणून छत्री बांधली, मुंग्या चढू नयेत म्हणून फांदीला तेलाची चिंधी गुंडाळली, आणि रोज दुकान उघडण्याआधी तिची विचारपूस करू लागलो. ती जागची हलेना. मला वाटलं, स्वभाव शांत आहे. आमच्या हिला म्हणालोसुद्धा, की या घरात इतकं शांत आजवर कुणी राहिलं नव्हतं. (हे बोलायला नको होतं; त्याचे परिणाम अजून जेवणात जाणवतात.) फोटो धाडल्यावर बाईंचं उत्तर आलं: "ही खरोखरच विष्ठा आहे. अळी शेजारच्या पानावर, छत्रीच्या बाहेर, उन्हात बसली आहे." आख्ख्या गावाच्या नाकावर चष्मे चढवणारा माणूस आणि त्याला एवढंही दिसू नये, म्हणून गट पोट धरून हसला. हसू देत. मी छत्री सरकवली आणि कामाला लागलो. त्यानंतर माझी एकही नोंद चुकलेली नाही.

चादरीची गोष्ट मात्र तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचली आहे. दिवेलागणीला पांढरी चादर टांगून पुढे दिवा लावला, की पतंग आपणहून येऊन बसतात. मी चादर टांगतो न टांगतो तोच शेजारपाजार खुर्च्या घेऊन हजर! अंगणात सिनेमा दाखवणार अशी आवई उठली होती. समोरचा इस्त्रीवाला सगळ्यांत पुढे बसला, आणि दिवा लागताच ओरडला, "अहो, ही तर माझ्या गिऱ्हाइकाची चादर!" (होती. आमच्या हिने आमच्या चादरी आधीच कपाटात कुलूपबंद केल्या होत्या, आणि इस्त्रीवाल्याचं एक गाठोडं चुकून आमच्या पायरीवर राहिलं होतं. मी ती चादर धुऊन, इस्त्री करून परत दिली. इस्त्री त्याच्याकडूनच करून घेतली, याचा त्याला जास्त राग आला.) पण पुढचं तुला कुणीच सांगितलेलं नाही. हळूहळू पतंग येत गेले. तळहाताएवढा एक, दोन्ही पंखांवर डोळे काढल्यासारखा, चादरीच्या मधोमध येऊन बसला. मागच्या रांगेतले एक आजोबा इस्त्रीवाल्यावर खेकसले, "डोकं खाली घे की जरा, दिसत नाही!" त्यानंतर बराच वेळ कुणी घरी जायला उठलं नाही.

आता चिरंजीव. मी त्याच्यावर जनावर सोडलं, हे साफ खोटं. साहेब न विचारता गवंड्याला घेऊन आले, मापं सुरू झाली. वाटेत फांदी आली म्हणून त्याने ती जोरात बाजूला सारली. तिच्यावर एक मोठी झालेली, हिरवीगार अळी होती. तिला धक्का लागला की ती डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तेवढंच तिचं शस्त्र. ऑफिसात सगळे तुझ्या लेकापुढे मान डोलावतात, समोरून विरोध झालेला त्याने कधी पाहिलेला नाही. तो मागे उडाला आणि नमुन्यासाठी कालवलेल्या सिमेंटच्या घमेल्यात जाऊन बसला. एवढंच झालं. करंगळीएवढी अळी स्वतःच्या फांदीसाठी शिंगं उगारते, आणि मी धडधाकट माणूस तुझ्या पत्राला घाबरून गप्प बसू?

मला या झाडाचा लोभ जडलाय, सरळ सांगतो. रस्त्यावरची बाकी सगळी अंगणं फरशीखाली गेली. ती फुलपाखरं अंडी घालायला घरोघर फिरतात आणि शेवटी माझ्याकडे येतात. तेव्हा गवंड्याला नाही म्हणून कळव, नाहीतर मी झाडाखाली खुर्ची टाकून तिथेच चष्मे विकीन.

भाऊजींना नमस्कार. चिरंजीवाला आशीर्वाद, आणि सिमेंट वाळलेल्या त्या पँटचा नाद सोडायला सांग.

तुझा (हे एक पत्र सोडून) आज्ञाधारक,
धाकटा भाऊ

ता. क. : आता रोप. ते आपल्याच झाडाच्या बीचं आहे. गवंडी बुंध्याला टेप लावत होता तेव्हा माझं धाबं दणाणलं. वाटलं, ताईपुढे आपण कधी टिकलोय, जे आज टिकणार? म्हणून काही लहानग्या अळ्या त्या रोपावर चढवल्या आणि समेटाची भेट म्हणून चिरंजीवाच्याच हाती तुझ्याकडे धाडल्या. बंद काचांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, पट्टा लावून आलेल्या रोपावर पक्षी कुठून घाण करणार, ताई? ते फडकं खाली ठेव. हात जोडतो.

आणखी एक ता. क. : त्या अळ्या पानं फस्त करतील, करू देत. मग एखादी कमरेला रेशमाचा दोरा बांधून काडीला टेकून कोशात निजेल. फुलपाखरू बाहेर आलं, की त्याचे पंख वाळेपर्यंत खिडकी उघडी ठेव आणि भाऊजींना पंखा लावू देऊ नकोस. ते उडून गेलं की मला फोन कर. ते पाहिल्यावरही तू म्हणालीस, झाड तोड, तर मी स्वतः कुऱ्हाड आणीन.

शेवटचा ता. क. : कुऱ्हाडीचं वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. ते धरू नकोस. झाड राहणार आहे. फोन मात्र कर.