दोन सारखे वाटे

१८ जानेवारी १९५९, रविवार
पावसाळ्यानंतर आज प्रथमच वही उघडली. मधली पानं कोरी राहिली, त्याबद्दल वहीची माफी. शाळा, मलेरिया, थोडा आळस. खरं कारण यांपैकी एकही नाही. लिहायला बसलं की मनात मुंबईच्या वृत्तपत्राला वार्ताहर म्हणून पाठवायची बातमीच तयार होऊ लागते, आणि स्वतःपुरतं काही उरत नाही.

खाडीतल्या तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, बातमी मंगळवारच्या अंकात आली. तिसऱ्या वेचणाऱ्या बायका म्हणतात, शिंपले भाजून चुना करणारे भट्टीवाले जिवंत तिसऱ्या उपसतात, खाडीतला खालचा पट्टा संपला. भट्टीवाला म्हणतो, आम्ही फक्त मेलेले शिंपले काढतो. दोघांना आठ-आठ ओळी. संपादकांचं कार्ड आलं : ‘तोल उत्तम साधलात.’ कार्ड दोनदा वाचलं. मग दुपारभर खिडकीशी बसून राहिलो. भरतीचं पाणी माडांच्या मुळांपर्यंत कधी आलं, कळलं नाही.

२० जानेवारी
सकाळी त्या वेचणाऱ्या बायकांतली शेवंती टोपली घेऊन दारात. नेहमीसारखे पडवीत तिसऱ्यांचे वाटे घातले. मी एक उचलायला वाकलो तर म्हणाली, ‘‘मास्तरांनू, तुमचा ता पेपरातला दुकानार वाचून दाखयल्यानी.’’
‘‘बरं वाटलं ना?’’ (हे मी का विचारलं?)
‘‘वाटे सारके घातलास. येका वाट्यात तिसरे, दुसऱ्या वाट्यात नुसते शिंपले. गिराइकान काय करूचा?’’
हसत म्हणाली. माझी बायको कुमुद आतून हसली. मीही हसलो, पण उशिरा.

२३ जानेवारी
रघुनाथ येऊन गेला. कुमुदचा मामेभाऊ, आणि भट्टी त्याचीच. हे संपादकांना कळवलेलं नाही. बातमीत दोघांना सारखी जागा दिली की नात्याचा प्रश्न उरत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.
चहा बशीत ओतून फुंकर घालत म्हणाला, ‘‘भावजी, झकास लिवलास. कोणाचा नाव नाय, कोणार बोट नाय.’’
मोकळा माणूस. भट्टीवर गावातलीच माणसं कामाला आहेत, हेही खरं. पण त्याच्या शाबासकीनं दिवसभर तोंडाला कडवट चव.

२९ जानेवारी
खाडीवर परवाने देणारे सरकारी साहेब आले होते. रघुनाथनं वरच्या पट्ट्यासाठी परवाना मागितला आहे. खालचा गेला, बायकांना आता तेवढाच उरला आहे. सगळ्या बायका येऊन उभ्या होत्या. शेवंती बोलू लागली तेव्हा साहेबांनी फाइलमधून कात्रण काढलं. माझं.
‘‘मास्तर, आपल्यासारख्या निःपक्षपाती माणसानंच लिहिलंय की दोन मतं आहेत. मग परवाना अडवायचा कशाच्या आधारावर?’’
मी म्हणालो, ‘‘मी फक्त म्हणणं नोंदवलंय.’’
‘‘तेच तर. शिमग्यापर्यंत निर्णय देऊ. तोवर कुणाकडे काही भरीव असेल तर बघू.’’
बायकांपैकी कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. पाणी उतरत होतं, दोन बगळे आपापल्या सावलीत उभे होते. आपण कुणाच्या तरी स्वप्नात उभे आहोत आणि त्याला जाग आली की पुसले जाऊ, असं काहीतरी वाटत राहिलं.

मी एकदाही ओहोटीला पट्ट्यावर उतरलो नव्हतो. घरापासून दहा मिनिटांची वाट. दोघांना विचारलं, दोघांचं लिहून घेतलं. पाहिलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार, अमावस्या
शेवंतीबरोबर खाडीत गेलो. मोठी ओहोटी, संध्याकाळी पाचच्या सुमारास पाणी पार तळाला. तिनं आधी माझ्या धोतराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘वर खोचा. हय शाळा नाय.’’
खालचा पट्टा. ‘‘हयसर पाय घाला. आदी पाय ठेवलो काय तिसरे टोचत. आता बगा, नुसता लोणी.’’
पाय पोटरीपर्यंत गेला आणि मी बसलोच. टिपणवही चिखलात.
‘‘मास्तरांनू, बातमी भिजली!’’
‘‘हस तू.’’
‘‘भिजांदे. सुकी होती तेचो काय उपेग झालो?’’

मग वरचा पट्टा. तिथं पायाला खरोखरच टोचलं. ठिकठिकाणी पाणी साचून राहिलं होतं, आणि प्रत्येक डबक्यात आभाळाचा एकेक तुकडा. वाळूतून बारीक चिळकांड्या उडत होत्या. शेवंती म्हणाली, आत तिसऱ्या श्वास घेतात. त्या आवाजात किती वेळ गेला कुणास ठाऊक. पायाखालची सगळी जमीन हळूच बोलते आहे आणि मला तिची भाषा येत नाही, असं वाटलं. बातमीत हे घालता येत नाही. घालूही नये.

तिच्या टोपलीत पाहिलं. नखाएवढ्या तिसऱ्या, पुष्कळ.
‘‘एवढ्या लहान?’’
तिनं टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली. ‘‘आदी बारके परत टाकीत होतंव. आता आमी सोडलंव तर तो भट्टीवालो घेतलो. मगे सोडूचे कोणासाठी?’’ आणि मग, ‘‘ह्या मात्र लिवू नकात हां.’’
मी मान हलवली.

९ फेब्रुवारी
मान का हलवली? ‘ऐकलं’ म्हणून, की ‘कबूल’ म्हणून? तिनं कबूलच धरलं असणार. मीही तिच्या जागी तेच धरलं असतं.
आठवीच्या वर्गात नकाशा काढताना खाडी काढली आणि हात थांबला. मुलं वाट पाहत होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
भट्टीवर गेलो. रघुनाथला आधी सांगून. ‘‘बगा, बगा. झाकून कित्याक ठेवतलंय?’’
ढीग घराएवढा. चार बाजूंनी एकेक शेर शिंपले घेतले आणि सावलीत बसून वेगळे केले. मेलेल्या तिसरीची शिंपली सुटी असते, आतून पांढरी, गुळगुळीत. जिवंत काढलेलीच्या दोन्ही झापा बिजागरीशी अजून जोडलेल्या, आत वाळलेला मांसाचा पापुद्रा. चारी शेरांत जोडलेल्याच जास्त. एका बाजूचा शेर पुन्हा भरून घेतला, माझीच चूक निघावी म्हणून. तसाच निघाला. वास बोटांना.
रघुनाथ उभा राहून पाहत होता. ‘‘येकदोन येतलेच, भावजी.’’
‘‘एकदोन नाहीत रे.’’
‘‘तुमी घरचे मा?’’
मी शेर परत ढिगात ओतला. नात्यातला म्हणूनच त्यानं मला ढिगाशी बसू दिलं. परक्या वार्ताहराला दिलं असतं का?

१७ फेब्रुवारी
मसुदा तीनदा लिहिला. पहिल्यात बारक्या तिसऱ्या नाहीत. वाचला, चांगला वाटला, आणि म्हणूनच भीती वाटली. दुसऱ्यात बायकांचा एक परिच्छेद, रघुनाथचा एक, आणि मी पुन्हा मधोमध जाऊन बसलो. फाडला. तिसऱ्यात ढिगात काय सापडलं ते पंधरा ओळी. भट्टीवाल्याचं उत्तर दोन ओळी. बायकाही आता लहान तिसऱ्या उचलतात, आणि का, हे तीन ओळी. वार्ताहराचं भट्टीवाल्याशी नातं आहे, ही एक ओळ शेवटी.
कुमुदला वाचून दाखवलं.
‘‘खरा आसा मा सगळा?’’
‘‘हो.’’
‘‘मगे माका कित्याक इचारतास?’’ भाजी निवडत राहिली. मग, ‘‘मामाकडे शिमग्याक जावचा आसा. तुमी येव नकात, मी येकटी जातंय.’’
रागानं नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

२० फेब्रुवारी
त्या तीन ओळींपाशी अडकलोय. ठेवल्या तर रघुनाथ नेमक्या त्या ओळीच साहेबांपुढे धरील : बायकाच पट्टा संपवतात. वरचा पट्टा गेला तर त्याला माझाही हात लागलेला असेल, दुसऱ्यांदा. काढल्या आणि कुणी टोपलीत डोकावलं, तर उरलेल्या पंधरा ओळीही खोट्या ठरतील. मग शेवंतीचं खरं सांगणारं कुणीच उरणार नाही.
की त्या ओळी लिहून मला हलकं वाटायला हवंय, एवढंच लिहिण्यामागचं कारण? तसं असेल तर तेही स्वच्छ नाही.
दुपारी डोळा लागला. पट्टा दिसला, पाण्याखाली, अगदी स्वच्छ, एकेक तिसरी मोजता यावी इतका. जागा झालो तेव्हा कौलांतून आलेला उन्हाचा कवडसा मसुद्यावर होता. निर्णय मात्र झालेला नव्हता.
मान हलवली ती तिच्यासमोर. तो होकार परत घ्यायचा तर तोही तिच्यासमोरच. ती काय म्हणेल माहीत नाही. ‘काढा’ म्हणाली तर काय करीन, तेही माहीत नाही.

उद्या : टपाल जायच्या आधी शेवंतीच्या घरी जाऊन पूर्ण मजकूर, त्या तीन ओळींसकट, तिला वाचून दाखवणे.