आधी कुणाला सांगायचं

५ नोव्हेंबर, बुधवार

आजही बोलले नाही. दुकान बंद करताना मालक मुख्तारभाई म्हणाले, "रमजानच्या आधी नवा काउंटर करू. उंची तुम्ही सांगायची, सुलेखाबाई." आणि मी सांगून टाकली! ज्या काउंटरमागं मी उभीच राहणार नाही, त्याची उंची.

मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून पडेगावच्या घरात मी एकटी. नवरा, राजेंद्र, नऊ वर्षं पुण्यात. दर रविवारी फोनवर तेच — "ये ना आता. किती दिवस चष्मे विकणार?" काल त्याचा जुना स्वेटर उन्हात टाकला होता. संध्याकाळी घडी करायची सोडून अंगात घालून बसले. थंडी नव्हती.

जायचं. ठरलं.

६ नोव्हेंबर

दुकानातल्या गजालाला सांगणारच होते, जीभ आवरली. छावणीच्या बाजारात बातमी चहाच्या आधी पोचते. मालकाला शेजाऱ्याकडून कळलं तर? आधी त्यांनाच. समोर बसून, तोंडी. महिनाभर आधी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नमाजहून आले की त्यांचा चेहरा निवळलेला असतो. तीच वेळ धरली. (हा डाव झाला का?) रिकाम्या हातानं कसं सांगायचं, म्हणून पेढे नेले. मी तोंड उघडायच्या आतच — "अरे वा, मुबारक! मुलीचं जमलं ना?" दोन पेढे त्यांनी खाल्ले. डबा गजालाकडं, तिथून शेजारच्या टेलरकडं. सगळे मुबारक म्हणतायत आणि मी हसतेय!

राजीनाम्याला पेढे कोण नेतं?

८ नोव्हेंबर

सांगितलं एकदाचं. ते बराच वेळ हातातली फ्रेम पुसत राहिले. ती स्वच्छच होती.

"घरच्या माणसाकडं चाललात. मी कोण अडवणारा? लई वर्षं एकट्या राहिलात." मग एकदम — "ते पेढे याचे होते क्या! आधी बोलायचं, दोन नसते खाल्ले."

हसलो दोघं. नंतर मी आत जाऊन डोळे पुसले. दुपारी त्यांनी गजालाच्या बहिणीला विचारलं. सोमवारपासून ती शिकायला येतेय.

सगळं रीतसर झालं. कुणाला दुखावलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन आला. तो नेहमीचं "ये ना" म्हणाला, आणि मी म्हटलं, "येते. राजीनामा दिला काल."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"आधी मला विचारायचं ना."

मग अगदी हळू, समजुतीच्या आवाजात — "मुख्तारभाईंना विचारून बघ. अजून ठेवतात का."