धिस, दॅट आणि एक नाव

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार

पत्र आलं! ह्यांना जाऊन तीन महिने झाले. आता त्यांच्या जागी मला घ्यायचं का, त्याची मुलाखत — पुढच्या सोमवारी, कारखान्याच्या ऑफिसात. नोकरी लागली तर क्वार्टर राहील. नाहीतर मार्चअखेर रिकामं करायचं. परत नागपूरला जावं, तर सासूबाईंना आणि मला ठेवून घ्यायला तिथे कुणी वाट बघत बसलेलं नाही.

काम स्टोअरमधलं. तिथल्या पाट्या सगळ्या इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी एबीसीडीवर थांबलेलं.

६ फेब्रुवारी

शेजारच्या प्रमिलाताई शाळेत लहान मुलांना शिकवतात. मलाही तसंच शिकवलं. हातातलं ते धिस, लांबचं ते दॅट. जास्त असली की धीज आणि दोज. एवढंसं — तरी घाम फुटला!

८ फेब्रुवारी

धिस इज अ झारा. दॅट इज अ विंडो. या नादात भाजी करपली. इथल्या सोनागिरीच्या बाजारात टोमॅटोंकडे बघून पुटपुटत होते, तर भाजीवाला म्हणाला, "भाभीजी, किससे बात कर रही हैं?"

सासूबाई नुसत्या बघत असतात. मुलाच्या जागी सून जाणार, हे त्यांना सोसत नसेल. विचारायची माझी छाती नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

घात झाला.

साहेबांनी टेबलावर नट, बोल्ट, वॉशर मांडले होते. धिस इज अ बोल्ट. दोज आर वॉशर्स. एकही चुकलं नाही! मग अर्जावरचा ह्यांचा फोटो दाखवला. धिस इज माय हजबंड, मी म्हटलं.

"नाम?"

सतरा वर्षं संसार केला. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव कधी घेतलंच नाही. मी अर्जावर बोट ठेवलं. ऑफिसातल्या बाबूंनी माझी बाजू घेतली, इनके यहाँ औरतें नाम नहीं लेतीं म्हणून. साहेब म्हणाले, "स्टोर में दिनभर नाम पुकारने पड़ते हैं। कैसे चलेगा?"

शुक्रवारी परत बोलावलंय. ही शेवटची संधी.

१४ फेब्रुवारी

न्हाणीघरात नळ सोडून प्रयत्न केला. पहिल्या अक्षरावरच जीभ अडते. स्वतःचाच राग येतोय — सतरा वर्षं चुलीपाशी अहो, अहो!

१५ फेब्रुवारी

सासूबाईंना नळाच्या आवाजातही सगळं कळलं होतं. मला जवळ बसवून म्हणाल्या, "बारशाला मीच ठेवलं ते नाव. माझ्यासमोर घे."

मी पुटपुटले.

"मोठ्यानं घे गं. तीन महिने झाले, या घरात त्याचं नाव ऐकलं नाही मी. माझ्याच्यानं नाही निघत."

तिसऱ्यांदा नीट निघालं. मग दोघी खूप रडलो. इतके दिवस मी त्यांच्याबद्दल भलतंच समजत होते. लाज वाटली.

१ मार्च, गुरुवार

नोकरीचा पहिला दिवस. नीळकंठचा जुना डबा घेऊन आज मी कारखान्याच्या फाटकातून आत गेले.