सुशीचा हात आणि चेंडूचा वेग

३ फेब्रु., सोम.
एकेकाची खुशाली विचारून घेते. माझे गुडघे? कुरकुरतात, पण चालतात. शेळी? रवंथ करायली, बरी हाय. धाकटी बहीण सुशी? बोलणं सुधारलं, पण लकव्यानं गेलेला उजवा हात तसाच. डॉ. म्हणाले, बोटं हलवत ऱ्हावा. दाबायला रबरी चेंडू दिला, तो तिनं शेळीकडं फेकला. तोही डाव्या हातानं! जुना कॉम्प्युटर? विंडोज झेपंना, काढून लिनक्स टाकलं. उठला बिचारा.

५ फेब्रु.
हुमनाबादला आमचं टायपिंगचं दुकान होतं, तवा गिऱ्हाईक नसलं की सुशी विटा फोडायचा गेम खेळायची. बाणाच्या बटणांनी फळी सरकवायची, चेंडू अडवायचा. सगळं काम उजव्या हाताचं. ट्रंकेत सीडी सापडली. लिनक्सवर चालंना. मग डॉसबॉक्स टाकलं. जुन्या गेमला त्याचं जुनं घर बांधून देतं ते. फुकट. ज्यांनी केलं त्यांच्या लेकराबाळांचं भलं होवो.
चाललं! पण चेंडू इतका सुसाट, की दिसायच्या आत डाव खलास.

६ फेब्रु.
नेटवर विचारलेलं, मोडक्या इंग्रजीत. कुण्या परमुलखातल्या माणसाचं उत्तर आलं: कंट्रोल दाबून एफ-११, वेग उतरतो. ओळख ना पाळख, तरी सवड काढली.
सुशीनं डाव्या हातानं उजवा उचलून बटणांवर ठेवला. मधलं बोट हललं. मी पदर डोळ्याला.

९ फेब्रु.
रोज हरते, चिडते. म्हणून गुपचूप वेग आणखी उतरवला. आज जिंकली.
हसली न्हाई.

१० फेब्रु.
पकडलं मला.
"अक्का, चेंडू म्हातारा झालाय का मी?"
"तुझ्या हातासाठीच केलं गं."
"मग मला कामून फसवायलीस? हात गेलाय, डोस्कं न्हाई."
गेम बंद. हात पुन्हा मांडीवर पडून. चूक माझीच.

१२ फेब्रु.
कान धरले. म्हटलं, वेग तूच सांग. मी कंट्रोल धरून एफ-१२ दाबत वेग चढवत गेले, ती बघत ऱ्हायली. "अजून... अजून... बस. दुकानात एवढाच होता."
सात डाव हरली. आठवा मागितला. करंगळी हलायली, खरंच!

१४ फेब्रु.
आता पेन धरून बघू म्हटलं. "लिहू काय?" म्हणे. माझी चुगली लिही की!
सुशे, खालचं अर्धं पान तुझं. उजव्या हातानं, वाकडं चालंल. पण लौकर लिही गं, मी वाट बघायलेय.