आधी कच्चं, मग पक्कं

३ जानेवारी
ठरलं! मूल दत्तक घ्यायचं. बायको दोन वर्षं म्हणत होती, पण निर्णय माझाच. पुढची सूत्रंही माझ्याच हातात. ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्याला सरकारी काम कसं हलतं ते कोणी शिकवू नये.

११ जानेवारी
बायकोने ऑनलाइन नोंदणी केली. मी देखरेख केली. तान्ह्या बाळासाठी काही वर्षं वेटिंग. मोठं मूल लवकर मिळतं. बायको म्हणाली, मोठं चालेल. मी तेच म्हणणार होतो.

२ फेब्रुवारी
समाजसेविका बाई घर बघायला आल्या. लायसन्सला असतो तसा इथेही एजंट असेलच, म्हणून सहज विचारलं. बाई म्हणाल्या, असं मूल आणणं म्हणजे विकत घेणं, तुरुंगात जाल. फी संस्थेची, ठरलेली, पावतीसकट. शेवटचा हुकूम कोर्टाचा. मी म्हटलं, मित्रासाठी विचारलं. बायको पाणी आणायला आत गेली ती बाहेर आलीच नाही.

६ मे
फोटो आला. मुलगी, सात वर्षांची. दोन दिवसांत हो-नाही कळवायचं. मी साधक-बाधक विचार करायला बसलो, तोवर बायकोने हो कळवलंसुद्धा.

२४ मे
संस्थेत भेट. मुलीचीही संमती लागते म्हणे. तिने विचारलं, लगेच कायमचं का? कोर्टाचा हुकूम येईपर्यंत ती आमच्याकडे फक्त सांभाळायला असणार. हे पोराटोरांना कळेल असं कोण सांगणार? मी सांगितलं! आधी कच्चं लायसन्स, मग पक्कं. तिने लगेच मान डोलावली. शिकवणं रक्तातच असावं लागतं.

८ जून
घरी आणली. स्वागताला नवे बूट, माप माझ्या अंदाजाने. बायकोला आई म्हणते, मला सर. शिस्तीची आवड दिसते.

१९ जून
पोरगी रत्न आहे. ताट चाटूनपुसून, अंथरुणाची घडी, हट्ट नाही. मेव्हण्याला फोनवर म्हटलं, सगळं ट्रेनिंगवर असतं.

२७ जून
बायकोच्या लक्षात आलं, पोरगीने बॅग अजून रिकामी केलेली नाही. कपडे धुतले की परत बॅगेत. विचारलं तर म्हणाली, सर म्हणाले आधी कच्चं. नापास झाले तर निघताना घाई नको.
बायको माझ्याशी बोलत नाही. अहो, उदाहरण होतं ते! उदाहरण कोणी मनाला लावून घेतं का?

२८ जून
पोरगीला नीट समजावलं, की नापास होणारे फारच थोडे असतात. बायकोने मला खोलीबाहेर काढलं.
दिवसभर क्लच शिकवताना ब्रेक म्हणत होतो. लाज वाटतेय. कबूल.

१४ ऑगस्ट
कोर्टात हुकूम झाला. त्याआधी न्यायाधीश मॅडमनी पोरगीला विचारलं, इथे आवडतं का? ती ताठ उभी राहून म्हणाली, हो, मी एकही चूक केलेली नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाहेर आल्यावर म्हटलं, आता कोणी तुला परत पाठवू शकत नाही. मी तर नाहीच नाही. तिने दोनदा विचारलं, नक्की? आईकडे बघून खात्री केली. मग म्हणाली, हे बूट लहान होतात, पहिल्या दिवसापासून.
पायरीवर बसून मी तिचे बूट काढले. दोन्ही टाचा सोललेल्या. घरापर्यंत तिला उचलून आणलं. ती म्हणाली, मानेला धरू का, सर? मी म्हटलं, धर.