मेलेला काका जेवायला बसतो

३ मार्च
शुद्धलेखनाबद्दल आधीच सॉरी. मामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करतेय. 'ळ' सापडेपर्यंत चहा गार होतो. हे कोणी वाचणार नाहीये. तरी सॉरी.
आमचं बाइंडिंगचं दुकान. लायब्ररीची फाटकी पुस्तकं उसवायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, नीट लावायचे, परत शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. 'काजळडोंगर' कादंबरीचे पाचही भाग माझ्याच हातून गेलेत. शिवता शिवता सगळे वाचले. त्याच्या सिनेमांवर माझ्याइतकं हक्काने कोण बोलणार?

७ मार्च
दुसऱ्या भागाचा सिनेमा पाहिला. शुद्ध फसवणूक. पुस्तकात काका दरीत पडून मरतो आणि थोड्या पानांनी मस्त जेवायला बसतो. कोणी त्याला एक शब्द विचारत नाही. अंगावर काटा येतो. सिनेमात काका मरतच नाही. सिनेमावाले घाबरले. पाचपैकी एक मार्क, तोही ड्रॅगनच्या शेपटीला.
मामा म्हणाला, मेलेला माणूस जेवतो कसा गं? म्हटलं, मामा, याला फँटसी म्हणतात. तू खळ ढवळ.

१० मार्च
लायब्ररीवाल्या ताई म्हणाल्या, शनिवारी तोच सिनेमा लायब्ररीत दाखवतोय, नंतर तू बोल. जमलं तर दर महिन्याला तूच. मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली. चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की मी सरळ घरी पळते. अर्धी शाळा त्यातच सुटली. पण शाळेत काजळडोंगर नव्हता.
निश्चय: रोज आरशासमोर सराव.

१२ मार्च
आरशात स्वतःलाच बघून लाजले. उद्यापासून कपाटासमोर. गावाहून आईचा फोन: आजोबांची कवळी हरवलीय.

१४ मार्च
कपाटाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तयारी पूर्ण.

१५ मार्च, संध्याकाळ
बोलले. खरंच बोलले. आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोचला, म्हणजे बास झाला. काकाचा मुद्दा मांडला. तर पुढचं एक चष्मेवालं पोरटं म्हणतं, ताई, काका तर तिसऱ्या भागात मरतो. म्हटलं, बाळा, नीट वाच. तर ते घरून स्वतःचं पुस्तक घेऊन आलेलं. असतात एकेक.
ताईंनी लायब्ररीचा दुसरा भाग काढला. मग तिसरा. त्यात दरीच्या जागी कोणाचं तरी लग्न चाललंय. दोन्ही भाग मी एकाच दिवशी, एकाच टेबलावर उसवले होते. अदलाबदल झालेल्या फर्म्यांचे पाननंबर बरोब्बर जुळतात, त्यामुळे चूक नक्की कोणाची, सांगणं कठीण.
मामा दाराशी उभा होता. रागावला नाही. एवढंच म्हणाला, अच्छा, फँटसी.

१६ मार्च
दोन्ही भाग परत उसवायला घेतले. माझं मत बदललेलं नाही. माझ्या शिलाईतली गोष्ट जास्त चांगली होती. सिनेमाला दोन मार्क करते, उगाच वाद नको.
ताईंनी पुढच्या महिन्यातही बोलावलंय. खुर्च्या लावायला.
आत्ताच आईचा फोन आला. आजोबांची कवळी सापडली. फ्रिजमध्ये.