तिरकं पातं

बाबा, आज तुम्हाला सर म्हणणार नाही. शाळेच्या फाटकातून आत गेलं की सर, बाहेर आलं की बाबा, हा तुमचाच नियम. पोलादपुरात मास्तरांच्या सगळ्याच पोरांना तो पाळावा लागायचा, पण तुमच्याइतकं कडक कुणी नव्हतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही जात नाही.

नववीत तुम्ही फ्रेंच राज्यक्रांती शिकवलीत आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात रंगून बोलत बसलात. आई विळीवर काकडी चिरतेय, मी शेजारी पाटावर. तुम्ही सांगताय, गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, फ्रेंचांच्या आधीही होतं; इंग्लंडातल्या एका गावातल्या जुन्या यंत्रात जाड ठोकळ्याला कुऱ्हाड बसवलेली असे, ती कापण्यापेक्षा चेचायचीच जास्त. स्कॉटलंडातलं सुटं करून ठेवता यायचं. फ्रेंचांनी पातं तिरकं केलं, आणि उभ्या माणसाला बांधून आडवं करणारी फळी लावली. जर्मनांचं बुटकं, लोखंडी; उंची कमी म्हणून पात्यावर वजन जास्त. "तिरकंच का?" मी विचारलं. तुम्ही आईकडे बोट केलंत. "ती काकडी दाबतेय की सरकवतेय? बघ नीट." मग म्हणालात, त्या इंग्लंडातल्या गावात जमलेले सगळेच पातं सोडायच्या दोराला हात लावायचे, म्हणजे मारलं कुणी ते ठरू नये. गुरं चोरली असली तर दोर त्या चोरलेल्या जनावरालाच बांधायचे आणि त्याला हाकायचे. आई वरच्या वाडीतली, गुरांत वाढलेली. ती भडकलीच. "मेल्यांनो, गाय कशाला घातली मधी? तिला काय ठावं हाय?" किती हसलात तुम्ही! इतकं हसताना मी तुम्हाला पुन्हा पाहिलं नाही.

म्हणून तर मी त्या यंत्राचं छोटं मॉडेल केलं. आंब्याच्या पेटीच्या फळ्या, डालड्याच्या डब्याचा पत्रा, वजनाला सायकलवाल्याकडचे नट. बोटं कापून घेतली. तुम्ही समोर वह्या तपासत रोज बघत होतात, एका खिळ्यालाही हात लावला नाहीत. शाळेच्या प्रदर्शनात काकडी खटकन तुटली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. शाळेतून एकच मॉडेल महाडला, आसपासच्या तालुक्यांच्या प्रदर्शनाला जाणार होतं. मला जायचं होतं, बाबा. दुसरं काही नको होतं.

आणि तुम्ही, निवड समितीतले, सगळ्यांसमोर म्हणालात, "हे घरून करून आणलेलं दिसतंय. मोठ्या माणसाचा हात आहे याला. बाद." कुणाचा हात? "बाबा, तुम्ही बघितलंय ना मला करताना?" माझ्या तोंडून निघून गेलं. "इथे सर म्हणायचं." बस्स, एवढंच उत्तर. महाडला खायच्या सोड्याचा ज्वालामुखी गेला.

घरी म्हणालात, "समितीने ठरवलं. मास्तरची पोर म्हणून निवडलं, असं लोक म्हणाले असते." लोक! लोकांच्या तोंडाला भिऊन धडधडीत खोटं बोललात आणि वर समितीचं नाव पुढे केलंत. सगळ्यांचे हात दोराला लावून मोकळे झालात! आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "पोरीला खोटी पाडलीत तुमी." तुम्ही मान खाली घालून जेवलात.

तुम्ही गेलात तेव्हा सावित्री नदीच्या काठावर, चितेभोवती लोक काय म्हणत होते, ठाऊक आहे? किती निःपक्षपाती मास्तर, स्वतःच्या पोरीलाही सोडलं नाही. मी दातओठ खात उभी होते. तुमचं नाव झालं ते माझ्या जिवावर.

हे पत्र टाकायचं कुठे? राहील इथेच. परवा माळा झाडताना ते यंत्र सापडलं. गंज पॉलिश पेपरने घासला, काकडी ठेवली, दोर सोडला. एका फटक्यात तुटली. घरात चिटपाखरू नव्हतं, आणि तरी, खरं सांगते, मी मागे वळून म्हणालेच, "बाबा, बघितलंत ना?"